रेकॉर्ड रूममधली दुसरी खिडकी

संपादकांनी फोनवर सांगितलं, "संगणकवाल्याच्या गमतीजमती लिहून द्या, वाचकांना हसू आलं पाहिजे." मी लगेच हो म्हणून टाकलं. गमती माझ्याकडे पोतंभर आहेत. खंडेनवमीला प्रिंटरची पूजा करताना त्याच्या पोटात अक्षता सांडणाऱ्या बाई आहेत. पासवर्ड कोणाला दिसू नये म्हणून तो फळ्यावर लिहून वर फडकं टांगणारे गणिताचे सर आहेत. पण लिहायला बसलो की पेन दर वेळी अकोल्याकडे वळतं. तिथे घडलं ते गमतीचं नाही. त्यात हसं कोणाचं झालंच असेल तर ते माझं, आणि तेही आजवर मला एकट्यालाच ठाऊक होतं.

मी अमरावतीच्या एका शिक्षणसंस्थेत संगणक सांभाळायचो. पदाचं नाव 'संगणक विभागप्रमुख'. विभागात प्रमुख सोडून दुसरं कोणी नव्हतं. अमरावतीत कॉलेज आणि मुख्य कार्यालय, दर्यापूरला एक शाळा, अकोल्याला एक जुनी मोठी शाळा. आठवड्यातून एकदा बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोला, पंधरवड्यातून एकदा दर्यापूर. बॅगेत पेचकस, पेनड्राइव्ह, मऊ ब्रश आणि जेवणाचा डबा. लोकांना वाटतं संगणकवाला म्हणजे फार हुशार माणूस. खरं सांगतो, निम्म्या तक्रारी वायर नीट बसवली की मिटतात, आणि उरलेल्यांतल्या निम्म्या आपण नुसते शेजारी जाऊन उभे राहिलो तरी मिटतात. या दुसऱ्या प्रकारामुळे माणसाच्या डोक्यात हवा जाते. माझ्या गेली होती.

संस्थेचे सगळे संगणक फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चालत. ती मीच आणली होती आणि तिचा मला अभिमान होता, अजूनही आहे. अशा प्रणालीची दर काही वर्षांनी नवी आवृत्ती निघते. जुनीची डागडुजी बनवणारे बंद करतात, म्हणून नवी चढवावीच लागते. याला अपग्रेड म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी वाढलं. वाढतंही. पण नवं घर बांधताना घरातलं शहाणं माणूस जसं ठरवतं की आता पाटा-वरवंटा नको, भिंतीत खुंट्या नकोत, तसे बनवणारेही जुन्या सोयी काढून टाकतात. 'फार थोडे लोक वापरतात, उगाच गर्दी होते', असं त्यांचं म्हणणं असतं. काढलेल्या सोयींची यादी मात्र ते प्रामाणिकपणे छापतात. त्या वर्षीची यादी मी आधी वाचली होती. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मला विचारलं गेलं तेव्हा मी ते कोणाला सांगितलं नाही.

यादीत फाईल मॅनेजरच्या तीन सोयी होत्या. फाईल मॅनेजर म्हणजे संगणकातलं कपाट उघडून दाखवणारी खिडकी. कुठल्या कप्प्यात कुठला कागद आहे ते तिच्यात दिसतं. पूर्वी मुख्य पडद्यावरच कागद मांडून ठेवता येत, ते बंद झालं. पूर्वी एक बटण दाबलं की त्या खिडकीचे उभे दोन भाग होत, डावीकडे एक कप्पा, उजवीकडे दुसरा, आणि इकडचा कागद तिकडे सहज ठेवता येई. तेही बंद झालं. आणि पूर्वी कप्पा उघडून नावाची पहिली दोन अक्षरं दाबली की थेट त्या नावावर उडी बसे. आता तिथे शोध आला होता. अक्षरं दाबली की सगळ्या कप्प्यांत धुंडाळून जे सापडेल ते समोर ओतायचं. मी यादी वाचली, "हे कोण वापरतं आजकाल" असं स्वतःशी म्हटलं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिन्ही गावच्या संगणकांवर नवी आवृत्ती चढवून मोकळा झालो. संस्थेच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, "आता सर्वत्र एकसारखी व्यवस्था आहे." अध्यक्षांनी मान हलवली. मला बरं वाटलं.

पहिली बोंब अमरावतीतच उठली. मुख्य कार्यालयातल्या हेडक्लार्कना सगळे बडेबाबू म्हणत. त्यांनी पडद्यावर फाईली अशा मांडल्या होत्या जशी कार्यालयात टेबलं. वर उजवीकडे अध्यक्षांची पत्रं, मधोमध रजेचे अर्ज, खाली डावीकडे चौकश्या. सुट्टीनंतर आले, संगणक लावला, तर पडदा कोरा आणि त्यावर डोंगराचं चित्र.

"राऊत!" ते दारातूनच ओरडले, "माह्या टेबलावरचं कोनं पुसलं?"

"पुसलं नाई बडेबाबू, आतमधी हाये सारं. आता नवीन पद्धत हाये."

"नवीन पद्धत तुमच्या घरी लावा. मले माहं टेबल पाह्यजे. चहा येईस्तोवर."

चहा येईस्तोवर दिलं. त्यासाठी वेगळी जोडणी मिळते, ती चढवली, कागद होते तसे मांडून दिले. दहा मिनिटांचं काम. माझ्या रजेच्या अर्जावर बडेबाबूंची सही लागते, हे निराळं सांगायला नको. 'सर्वत्र एकसारखी व्यवस्था' हे तत्त्व त्या दहा मिनिटांत मला एकदाही आठवलं नाही.

आता अकोल्याचं.

अकोल्याच्या शाळेत कांताबाई खंडारे शिपाई होत्या. नवरा त्याच शाळेत शिपाई होता, तो गेल्यावर त्या अनुकंपेवर लागल्या. शिक्षण नववी. शाळेत बाई शिपाई असली की ती पोरांची मावशी आणि मास्तरांचीही मावशी. तशा त्या कांतामावशी. घंटा, पाणी, चहा, आणि रेकॉर्ड रूमची झाडझूड त्यांच्याकडे.

रेकॉर्ड रूम म्हणजे जुन्या दाखलखारीज रजिस्टरांची खोली. कोणता मुलगा शाळेत कधी आला, कधी गेला, बाप कोण, गाव कोणतं, जन्म कधीचा, जात कोणती, हे सगळं त्या रजिस्टरांत असतं. आपल्याकडे पोराला किंवा पोरीला जातीचा दाखला पडताळून घ्यायचा म्हटलं की समितीपुढे आज्या-पणज्याची अशी जुनी नोंद ठेवावी लागते. मग खेड्यापाड्यांतून लोक येतात आणि म्हणतात, "आमचा आजा तुमच्या शाळेत दुसरीपर्यंत शिकला म्हन्तात, पाहा बरं." नोंदी 'किसन वल्द तुकाराम' अशा. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. आडनाव बहुतेकदा नाहीच. शाई उडालेली, कागद हातात घेतला की कोपरा हातातच राहतो.

ही रजिस्टरं वाचावीत म्हणून संस्थेनं बाहेरची माणसं लावून एकेक पान स्कॅन करून घेतलं. ती माणसं हजारो पानांचा ढीग संगणकात टाकून निघून गेली. पानांना नावं नाहीत, नुसते आकडे. तो ढीग लावायला कोणी बाबू तयार होईना. कुठलं रजिस्टर कुठलं हे पाठ होतं फक्त कांताबाईंना, म्हणून हेडसरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं. दोन दुपारी मीच शिकवलं. त्या खाली मान घालून ऐकत होत्या. शेवटी एवढंच विचारलं, "थे दोन खिडक्याइचं बटन कोन्तं म्हनलं?" पुढच्या आठवड्यात गेलो तर त्या बटणावर लाल टिकली चिकटवलेली होती.

"कसं काय चाललं?" मी विचारलं.

"डाव्या खिडकीत ढीग, उजव्या खिडकीत घर," त्या म्हणाल्या. "एकाएका पानाले त्याच्या घरी पोचवून राहिली."

घर म्हणजे सालाचा कप्पा. प्रत्येक पानाला त्यांनी आधी गावाचं, मग मुलाचं, मग बापाचं नाव दिलं. आठ वर्षं हे चाललं. ढीग लागल्यावर शोधून देण्याचं कामही त्यांच्याकडेच आलं. माणूस समोर उभा राहून गाव, नाव आणि अंदाजानं साल सांगे. कांताबाई सालाचे आकडे दाबत, उडी बसे, एंटर. गावाची दोन अक्षरं, पुन्हा उडी, एंटर. डावीकडे मूळ पान, उजवीकडे आज द्यायच्या नकलांचा कप्पा. दोन्ही समोरासमोर ताडून मगच पान उजवीकडे सोडायचं. पडद्याकडे नजर जायच्या आत बोटं पोचलेली असत. मी स्वतः त्या वेगानं काम करू शकत नव्हतो. बाहेरून येणारे लोक त्यांना मॅडम म्हणत. पहिल्यांदा कोणी म्हटलं तेव्हा, मागे कोण उभं आहे म्हणून त्यांनी वळून पाहिलं होतं.

नवी आवृत्ती चढवल्यानंतर जूनमध्ये गेलो, तर कांताबाई कीबोर्डवर हात ठेवून नुसत्या बसून होत्या.

"साहेब, दुसरी खिडकी उघडूनच नाई राहिली. बटन बिघडलं काय?"

"बटण ठीक आहे. ती सोयच काढून टाकली."

"कोनं?"

"ज्यांनी बनवली त्यांनी."

"काहून? इचारलं काय त्याइनं, कोनी वापरते का नाई म्हून?"

मी हसलो. आता लिहितानाही ते हसणं मला ऐकू येतं. एरवी मीही वऱ्हाडीच बोलतो, पण दुसऱ्याला शहाणपण शिकवायचं असलं की माझ्या तोंडी पुण्याची भाषा येते. त्या दिवशी आली होती. मी त्यांना दोन वेगवेगळ्या खिडक्या उघडून शेजारी शेजारी कशा लावायच्या ते एकदा करून दाखवलं. शाळेचा पडदा जुना, लहान. एक खिडकी दुसरीच्या मागे जाऊन दडायची.

"आन् अक्षर दाबलं का सारं गाव अंगावर येते," त्या म्हणाल्या. "मी एका सालापाशी उभी, आन् हे साऱ्या सालाइतले किसन धरून आनते. थे यादीबी हालत राह्यते. बोट ठेवाले जावं तं खालचा वर येते."

इतकं अचूक दोषवर्णन मला आयुष्यात कुठल्याही इंजिनिअरकडून मिळालेलं नाही. मी म्हणालो, "सवय होईल कांताबाई. जग पुढे चाललंय, आपणही चाललं पाहिजे."

"या एका डब्यावर जुनंच लावून देता काय?"

"एकासाठी व्यवस्था बदलता येत नाही."

गाडीची वेळ झाली होती. मी निघालो.

जुलै-ऑगस्ट म्हणजे प्रवेशाचे दिवस, रेकॉर्ड रूमसमोर रांग. त्या रांगेत गजाननभाऊ म्हणून एक सुतारकाम करणारे गृहस्थ होते. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळत होता, तिच्या पडताळणीसाठी आज्याची नोंद हवी होती. कांताबाईंनी काढून दिली, हेडसरांची सही झाली, ते गेले. पंधरा दिवसांनी तोच कागद हातात धरून ते परत आले. त्या दिवशी मी नेमका रेकॉर्ड रूममध्ये होतो.

"मॅडम, हा माहा आजा नाई," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "नाव थेच, गाव थेच. पन यात जात दुसरी हाये. समितीवाले म्हन्तात, खोटा कागद आनला. चार लोकाइत मले चोर केलं मॅडम. पोरगी दोन दिवसांची जेवून नाई राहिली. सोमवारी खरा कागद नाई देल्ला तं तिची जागा जाते."

कांताबाईंनी कागद घेतला, वाचला आणि खुर्चीवरून उठल्या. "दोन किसन होते," त्या म्हणाल्या. "एकाच गावचे. बापाचं नावबी एक. साल वेगळं. मले मालूम होतं, मले चांगलं मालूम होतं." त्यांनी संगणकाला हात लावला नाही. चाबीचा जुडगा घेऊन मागच्या कपाटांत शिरल्या. तासाभरानं बाहेर आल्या तेव्हा पदराला, केसांना धूळ होती आणि हातात मूळ रजिस्टर होतं. खरा किसन सापडला. नक्कल झाली, सही झाली, गजाननभाऊ निघून गेले. मुलीचं काम वेळेत झालं, हे मला पुढे कळलं. तेवढं एक बरं झालं.

काय घडलं असेल ते मला तिथेच उभ्या उभ्या कळलं होतं. आठ वर्षांच्या सवयीनं बोटांनी अक्षरं दाबून एंटर मारला. पूर्वी त्या जागी योग्य सालाचाच किसन असायचा. आता तिथे हलती यादी होती आणि त्या क्षणी वर आलेला किसन भलताच होता. समोरासमोर ताडून पाहायला दुसरी खिडकी नव्हती. बाहेर रांग होती. चूक बोटांची म्हणा हवं तर, पण त्या बोटांखालची जमीन मी काढून घेतली होती.

हेडसरांनी दोघांनाही आपल्या खोलीत बोलावलं. कांताबाई दाराशी उभ्या राहिल्या, मला खुर्ची मिळाली.

"राऊतसाहेब, हे झालं कसं? सिस्टीममधे काही दोष हाये काय? मले समितीले लेखी द्या लागते, संस्थेलेबी."

सांगायला सोपं होतं. सर, यांची जी सोय होती ती मी काढली. काढली जाणार हे मला आधी माहीत होतं. यांनी परत मागितली, मी दिली नाही. चूक माझी. एवढी चार वाक्यं. त्याऐवजी मला बैठकीतली अध्यक्षांची हलणारी मान आठवली.

"सिस्टीममध्ये दोष नाही सर," मी म्हणालो. "दाखवूनही यांना नवीन जमत नाही."

"तसं लिहून द्या."

मी लिहून दिलं. अक्षर माझं चांगलं आहे. 'प्रणालीत कोणताही दोष आढळून आला नाही. हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यास संगणकाचे पुरेसे ज्ञान नसल्याने सदर चूक घडली.' खाली सही, पद, शिक्का. कांताबाईंना रेकॉर्ड रूममधून काढून पुन्हा घंटा-पाण्यावर टाकल्याचं हेडसरांनी तोंडीच सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "चाबी कोनापाशी देऊ?"

त्यानंतर मी स्टाफरूममध्ये बसून शाळेच्या फाईली माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेत होतो. कांताबाई चहा घेऊन आल्या. ग्लास ठेवताना त्यांची नजर पडद्यावर गेली. डावीकडे पेनड्राइव्ह, उजवीकडे माझा कप्पा.

"तुमच्याइथं तं दोन खिडक्या हायेत, साहेब."

मी लॅपटॉप मिटला. माझा हात माझ्याआधी धावला. "ते... ते वेगळं आहे."

"हो," त्या म्हणाल्या. "वेगळंच असन." आणि ट्रे घेऊन गेल्या.

वेगळं काहीही नव्हतं. नवी आवृत्ती मी सर्वांत आधी माझ्याच लॅपटॉपवर चढवली होती, एप्रिलमध्ये. दुसऱ्याच दिवशी दोन खिडक्यांवाचून माझं अडायला लागलं. तेव्हा मी गुपचूप दुसरा फाईल मॅनेजर टाकून घेतला. त्यात दोन खिडक्याही होत्या आणि अक्षरावर उडीही बसायची. फुकट मिळतो, दहा मिनिटांत बसतो. 'हे कोण वापरतं' म्हणणारा मी ते रोज वापरत होतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बडेबाबूंसाठी माझ्याकडे दहा मिनिटं होती, माझ्यासाठी दहा मिनिटं होती. कांताबाईंसाठी माझ्याकडे 'जग पुढे चाललंय' होतं. बडेबाबू ओरडू शकत होते, त्या ओरडू शकत नव्हत्या. यापलीकडे त्यात कुठलंही तत्त्व नव्हतं.

परतीच्या गाडीत मला लाज वाटली. पण खोटं कशाला लिहू, लाजेपेक्षा भीती जास्त वाटली की या आता हेडसरांना सांगतील. पुढचा आठवडाभर फोन वाजला की आधी नंबर अकोल्याचा आहे का ते पाहायचो. त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. मग भीती गेली आणि नुसती लाज उरली, ती अजून आहे.

पुढच्या खेपेला मी सरळ रेकॉर्ड रूममध्ये गेलो आणि त्या संगणकावर तोच दुसरा फाईल मॅनेजर चढवला. तेच बटण, तीच उडी. खुर्चीवर एक बाबू बसत होते. त्यांना एक खिडकीही धड चालवता येत नव्हती, ते आलेल्या माणसाला पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगत. मी बाहेर आलो. कांताबाई पाण्याच्या टाकीपाशी ग्लास विसळत होत्या.

"कांताबाई, दोन खिडक्या लावून देल्ल्या. बटन बी थेच ठेवलं."

त्यांनी ग्लास पालथा घातला. "मंग थो कागदबी बदलवा ना, साहेब."

"कोन्ता कागद?"

"तुमी लिवला थो. मले संगनकाचं ग्यान नाई म्हून. माह्या सर्व्हिस बुकात लागला थो." त्यांनी दुसरा ग्लास उचलला. "खिडकीचं काय हाये, थे आज ना उद्या मी शिकली असती. कागद मले नाई काढता येत. थो तुमालेच काढा लागन."

"सांगतो मी हेडसरले. आताच सांगतो."

मी गेलो. खरोखर गेलो. "सर, त्या रिपोर्टबद्दल बोलायचं होतं," इथपर्यंत बोललोही.

"कोन्ता? थो मिटला ना आता," हेडसर म्हणाले. "समितीचं समाधान झालं, संस्थेचंबी झालं. फेब्रुवारीत मावशी रिटायर होऊन राहिली. तुमी आता उलटं पत्र देल्लं तं चौकशी तुमच्यावर येईन. काहून हात दाखवून अवलक्षण करता?"

माणूस वाईट नव्हता. माझ्या भल्यासाठीच सांगत होता. आणि मला ते इतकं बरं वाटलं की मी प्रिंटरच्या टोनरच्या विषयावर आलो, पाच मिनिटं त्यावर बोललो आणि बाहेर पडलो. कांताबाई व्हरांड्यात थांबल्या होत्या.

"झालं काय साहेब?"

"पाहतो म्हनले."

असं कोणी म्हणालं नव्हतं. त्या 'बरं' म्हणाल्या आणि घंटा द्यायला गेल्या. त्यानंतर त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. मी दर आठवड्याला जात होतो, दर आठवड्याला चहा मिळत होता, साखर माझ्या मापाची.

फेब्रुवारीअखेर निरोपसमारंभ झाला. प्रार्थनेच्या हॉलमध्ये सतरंज्या, मंचावर खुर्च्या. मुख्य कार्यालयाचा प्रतिनिधी म्हणून मला बोलावलं होतं, खुर्ची मंचावर होती. मी गाडीत बसून एका चिठ्ठीवर चार ओळी लिहून काढल्या होत्या. त्याच चार ओळी, ज्या मी हेडसरांच्या खोलीत बोललो नव्हतो. पूर्ण शाळेसमोर वाचायच्या, म्हणजे कोणाला मिटवता येणार नाही, असं ठरवलं होतं. बडनेरा ते अकोला मी त्यातलं वाक्य न वाक्य पाठ केलं.

हेडसर बोलले. मावशींची घंटा कधी एक मिनिट मागेपुढे झाली नाही, असं म्हणाले. शाल, श्रीफळ, साडी झाली. रेकॉर्ड रूमचं नाव कोणी काढलं नाही. मग माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेलो. समोर दुसऱ्या ओळीत कांताबाईंचा मुलगा, सून आणि नवे कपडे घातलेली नात बसली होती. मंचावर माझ्या बाजूला संस्थेचे दोन संचालक. मी म्हणालो, "कांताबाईंनी कधी कोणाला कुठल्या कामाला नाही म्हटलं नाही. त्यांच्या हातच्या चहाची आम्हाला आठवण येईल." लोक हसले. मी जागेवर येऊन बसलो.

शेवटी कांताबाईंना बोलायला सांगितलं. त्या नको नको म्हणत होत्या, सुनेनं पुढे ढकललं. माईक त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"मले भाषन येत नाई. तीस वर्सं या शाळेचं पानी भरलं, घंटा वाजवली. आठ वर्सं रेकॉर्ड रूममधी होती. तिथं मी लोकाइचे आजे-पंजे काढून देल्ले. लोकं रडत जायचे, पाया पडाले यायचे, मले मॅडम म्हनायचे. थे दिवस मले लय चांगले गेले. माह्या हातून एक चूक झाली. माह्यापायी एका बापाले चोर म्हनलं, एक पोरगी दोन दिवस उपाशी राह्यली. माहं शिक्षन कमी पडलं. त्याची मी साऱ्याइपुढं माफी मांगतो."

त्यांनी हॉलला हात जोडले. मग वळून मंचाला जोडले. हेडसरांना, संचालकांना, मला. माझ्यापाशी जास्त थांबल्या नाहीत, कमीही थांबल्या नाहीत. त्यांना खरंच तसं वाटत होतं की मला एक शेवटची संधी देत होत्या, हे मला सांगता येणार नाही. माईक अजून चालू होता, माझ्या खुर्चीपासून तीन पावलांवर.

"काय मोठं मन हाये," हेडसर माझ्या कानाशी म्हणाले आणि टाळ्या वाजवू लागले. सगळा हॉल वाजवू लागला. मीही वाजवल्या.